सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी खाली दुखतंच: पेल्विक फ्लोअरच्या स्नायूदुखीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात बहुतेकदा एक फुगलेली फाइल असते. तीन-चार सोनोग्राफ्या, दोन-तीन युरिन कल्चर, एखादी कोलोनोस्कोपी, कमरेचा एमआरआय. आणि शेवटच्या कागदावर एकच निष्कर्ष: काही सापडलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली काही वर्षं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरच काम करते. खालचे प्रश्न मला रोज विचारले जातात, पण बरेचसे दार लावून घेतल्यावर, आवाज खाली आणून. म्हणून ते इथे मोठ्याने लिहिलेत.

पेल्विक फ्लोअर म्हणजे नेमकं कुठे?

सायकलच्या सीटवर अंगाचा जो भाग टेकतो, त्याच्या आत. पुढे ओटीपोटाखालचं हाड, मागे माकडहाड आणि दोन बाजूंना आपण ज्यांवर बसतो ती बैठकीची हाडं. या चौकटीत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांमध्ये गर्भाशय यांचा भार ती पेलते. लघवीचा, शौचाचा आणि योनीचा मार्ग तिच्यातूनच बाहेर येतो. झोळीतल्या मुख्य स्नायूगटाचं नाव लिव्हेटर अॅनाय. त्याला लागून, खुब्याकडे जाणारा ऑब्ट्युरेटर इंटर्नस. दुखण्याचं मूळ शोधताना माझं बोट बहुतेकदा या दोघांपाशीच थांबतं.

खोकताना, हसताना, पाण्याची बादली उचलताना ही झोळी आपोआप आवळते. लघवीला, शौचाला बसलं की सैल पडते. आवळणंही जमलं पाहिजे आणि सोडणंही. ज्या दुखण्याबद्दल हे पान आहे, त्यात सोडणं बिघडलेलं असतं. दिवसभर मूठ वळून ठेवली तर संध्याकाळी कोपरापर्यंत कळ येईल की नाही? तसंच हे.

रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाही. पोटरीत गोळा आलेला असताना पायाचा एक्स-रे काढला तर हाड उत्तमच दिसणार. म्हणून गोळा खोटा ठरत नाही. नेहमीच्या सोनोग्राफीत अवयवाचा आकार, गाठ, पाणी दिसतं; आखडलेला, दाबल्यावर कळ देणारा स्नायू दिसत नाही. तो हाताने चाचपूनच कळतो, आणि इतक्या तपासण्या झालेल्या माणसाला तिथे कुणी हात लावून पाहिलेलंच नसतं. माझी खरी तक्रार इथे आहे. एका बोटाची पाच मिनिटांची तपासणी राहून जाते आणि फाइल मात्र जाड होत जाते.

मनाचा संबंध नाही असंही नाही. तो कसा येतो ते पुढे सांगते.

दुखणं नक्की कसं असतं? माझं वर्णन ऐकून डॉक्टर गोंधळतात.

गोंधळणं साहजिक आहे, कारण हे दुखणं एका जागी गप्प बसत नाही. कुणी म्हणतं, शौचाच्या जागी आत चेंडू ठेवल्यासारखं वाटतं. कुणाला माकडहाडाजवळ ठणका, कुणाला जांघेत ओढ, कुणाला लघवी करून आल्यावर पुन्हा लागल्याची भावना. बराच वेळ बसलं की वाढतं, आडवं झालं की जरा उतरतं. शौचानंतर तासभर कळ राहते. संबंधाच्या वेळी किंवा नंतर दुखतं. सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट हा क्रम तर फार जणांकडून ऐकते.

गुदद्वाराच्या आतली कळ असेल तर ती किती वेळ टिकते ते नोंदवा. पोट-आतड्यांच्या दुखण्यांचं निदान करायला डॉक्टर रोम-४ हे २०१६ सालचे निकष वापरतात. त्यांत अर्धा तास किंवा जास्त टिकणारं दुखणं आणि तपासणीत बोटाने स्नायू मागे ओढल्यावर दुखरेपणा असेल तर लिव्हेटर सिंड्रोम म्हणतात. रात्री झोपेतून उठवणारी, काही सेकंद ते काही मिनिटं जीव काढणारी आणि मग नाहीशी होणारी कळ वेगळी. तिला प्रोक्टाल्जिया फ्यूगॅक्स म्हणतात. ती भयानक वाटते, पण धोक्याची नसते.

हे बायकांचंच दुखणं ना?

मुळीच नाही. पुरुषांना ते ‘प्रोस्टेटला सूज’ या नावाने भेटतं. वृषणात, शिश्नाच्या टोकाशी, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखणं, वीर्यपतनानंतर जळजळ. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकात प्रोस्टेटच्या दुखण्याची चार प्रकारांत वर्गवारी केली. त्यातला तिसरा प्रकार म्हणजे जंतू सापडत नाहीत, पण दुखणं आहे. रुग्णांपैकी बहुतेक या तिसऱ्यातच बसतात. तरीही आपल्याकडे त्यांना अँटिबायोटिक्सचे कोर्सवर कोर्स दिले जातात. जंतू नसताना चौथा कोर्स लिहून मिळत असेल तर ‘कल्चरमध्ये काय आलं?’ हा प्रश्न विचारा. तो उद्धटपणा नाही.

पुरुष आमच्याकडे उशिरा येतात. चाळिशीचे एक गृहस्थ दारापर्यंत येऊन दोनदा परत गेले होते. तिसऱ्या वेळी बायकोने आत आणून बसवलं.

आधी कुणाकडे जाऊ?

सुरुवात फिजिओकडे करू नका. आधी इतर कारणं तपासून घ्या. बायकांनी गायनॅककडे: एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), जंतुसंसर्ग, गाठी, आणि आपल्या देशात गर्भाशयाचा-नळ्यांचा क्षयरोगही विसरून चालत नाही. लघवीची तक्रार असेल तर युरोलॉजिस्ट. शौचाची असेल तर सर्जन, कारण फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) किंवा भगंदर असेल तर स्नायू त्या जखमेच्या धाकाने आवळलेला असतो आणि आधी जखम भरावी लागते. मणका, खुबा, हर्निया हेही पाहावं लागतं. एंडोमेट्रिओसिस सापडला म्हणून स्नायूदुखी नाही असं मात्र समजू नका. दोन्ही एकाच पोटात सुखाने नांदतात.

आणि या गोष्टी असतील तर थांबू नका: शौचातून किंवा लघवीतून रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, कारण नसताना घटणारं वजन, ताप. बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत जा. मणक्यातल्या नसांवर दाब आल्याची ती लक्षणं असू शकतात आणि तिथे तास मोजले जातात.

तपासणीत काय करतात? मला त्याचीच भीती वाटते.

अर्धा वेळ नुसतं बोलणं असतं. कधीपासून, बसून किती तास काम, बाळंतपण कसं झालं, पडणं झालं होतं का, दिवसातून किती वेळा लघवी. मग उभं करून, वाकवून कंबर आणि खुबा पाहते. पोट, जांघ, मांडीची आतली बाजू चाचपते. बऱ्याचदा अर्धी जागा इथेच सापडते.

आतली तपासणी तुमच्या परवानगीने, सोबत कुणी हवं असेल तर सोबत ठेवून. हातमोजा, जेल, एकच बोट. स्पेक्युलम नाही, कुठलं हत्यार नाही. घड्याळाच्या तबकडीसारखी कल्पना करून मी एकेका आकड्यावर हलका दाब देते आणि विचारते: नुसता दाब वाटतो की दुखतं? दुखत असेल तर शून्य ते दहात किती? निरोगी स्नायूवर दाबलं तर फक्त दाब जाणवतो. मग गुडघा बाहेरच्या बाजूला ढकलायला सांगते, मी बाहेरून धरून ठेवते; त्या वेळी बोटाखाली ऑब्ट्युरेटर फुगतो आणि तो चाचपता येतो.

एका शिक्षिकेचं तीन वर्षांचं दुखणं होतं, लघवीच्या जागी जळजळ. डाव्या बाजूला पाचच्या आकड्यावर बोट टेकलं आणि ती ताडकन म्हणाली, ‘हेच! पण तुम्ही मागे दाबताय, कळ पुढे कशी गेली?’ दाबायचं एकीकडे आणि कळ उठायची दुसरीकडे, ही ट्रिगर पॉइंटची, म्हणजे स्नायूतल्या आखडलेल्या दुखऱ्या जागेची, खूण. आपलं नेहमीचं दुखणं बोटाखाली जसंच्या तसं उमटलं की निदान निम्म्याहून अधिक झालेलं असतं. त्यानंतर आवळायला सांगते, सोडायला सांगते. आवळणं बहुतेकांना जमतं. ‘सोडा’ म्हटल्यावर मात्र आणखी आवळतात.

केव्हाही ‘थांबा’ म्हणालात की बोट बाहेर. आतली तपासणी नकोच असेल तर बाहेरूनही काम सुरू करता येतं.

माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय. तपासणी चालेल का?

योनीमार्गातून तपासणी करण्याची सक्ती कधीच नसते. बाहेरून स्नायू पाहता येतात, पोटावरून सोनोग्राफीत झोळीची हालचाल दिसते, श्वासाचे व्यायाम कपड्यांतच होतात. आणि प्रश्न मुलीला विचारावा, आईला नाही. आया रागावतात कधी कधी, मी तरीही आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते.

हे स्नायू आखडतातच कशाने?

‘शेपूट घालणं’ म्हणतो ना आपण? घाबरलेलं कुत्रं शेपूट पायात घेतं, ते याच स्नायूंच्या भाईबंदांनी. आपली शेपटी गेली, माकडहाड उरलं, आणि ते ओढणारे स्नायू तसेच राहिले. भीती, ताण, सततची धास्ती असली की काही जण दात आवळतात, काही जण खांदे उचलतात, आणि काही जण हे स्नायू ओढून धरतात. मनाचा संबंध येतो तो असा. दुखणं स्नायूतलंच असतं.

दुसरं मोठं कारण म्हणजे दाबून ठेवणं. शाळेच्या तासांमध्ये, एसटीच्या फेरीत, बंदोबस्तावर, बाजारात दुकान लावून बसलेल्या बायका सहा-सहा तास लघवीला जात नाहीत, कारण जायला जागाच नसते. मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ २०११ पासून हेच मांडते आहे. लोकांना ते स्वच्छतेचं मागणं वाटतं. मला त्यात माझ्या टेबलावरचे स्नायू दिसतात. मग कुंथून शौचाला जाण्याची जुनी सवय, अवघड बाळंतपण, टाके, फिशर, माकडहाडावर पडणं, जिममध्ये पोट सतत आत ओढून धरणं. एकच कारण हाती लागेल असं नाही.

दुखणं महिनोन् महिने चाललं की नसाही हुळहुळ्या होतात. काटा निघून गेला तरी पायाला चादरही बोचते, तसं साध्या स्पर्शानेही दुखायला लागतं.

मी रोज केगेल करते, मूळबंधही करते. तरी वाढतंच का?

त्यानेच वाढत असेल. केगेल हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांचं नाव. त्यांनी हा झोळी आवळण्याचा व्यायाम १९४८ साली बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी मांडला. सैल स्नायूला तो छान आहे. आखडलेल्या स्नायूला ‘अजून आवळ’ सांगणं म्हणजे आलेल्या गोळ्यावर पोटरीच्या उठाबशा काढणं. मूळबंध आणि अश्विनी मुद्रा हीसुद्धा आवळण्याचीच कामं. दुखत असताना ती बाजूला ठेवा.

माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मी स्वतः चार महिने इमानेइतबारे केगेल केले. शिक्षण फिजिओचं, आणि बसता येईना म्हणून उशी घेऊन फिरत होते. मोबाइलवर ‘रोज शंभर करा’ असं सांगणाऱ्या बाईंना मी आता शांतपणे पाहू शकत नाही.

आधी सोडायला शिकायचं. दुखणं गेल्यावर, तेही तपासणीत अशक्तपणा आढळला तरच, आवळण्याचा विचार.

फिजिओथेरपीत नेमकं करतात काय?

दुखऱ्या जागेवर बोटाने हलका दाब धरून ठेवायचा, कळ उतरेपर्यंत, मग पुढची जागा. आतून मसाज देण्याची ही रीत जुनी आहे. थील नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३७ सालीच माकडहाडाच्या दुखण्यासाठी ती लिहून ठेवली. जोडीला पोट, जांघ, मांडी आणि पाठीच्या ऊतींवर काम.

याला पुरावा आहे. अमेरिका-कॅनडात ८१ बायकांवर झालेल्या आणि २०१२ साली छापून आलेल्या चाचणीत मूत्राशयाच्या दुखण्यासोबत हे स्नायू दुखरे असलेल्यांना घेतलं होतं. निम्म्यांना या स्नायूंवर खास उपचार, निम्म्यांना अंगभर साधा मसाज. पहिल्या गटातल्या ५९ टक्के बायकांना लक्षणीय आराम पडला, दुसऱ्यातल्या २६ टक्क्यांना.

बायोफीडबॅकमध्ये एक छोटा सेन्सर स्नायूचा ताण पडद्यावर रेघेसारखा दाखवतो. आपण सोडतोय की आवळतोय हे डोळ्यांना दिसतं, आणि ‘सोडा’ या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा कळतो. २०१० च्या इटलीतल्या चाचणीत लिव्हेटर सिंड्रोमच्या ज्या रुग्णांचा स्नायू बोटाला दुखरा लागत होता, त्यांच्यात बायोफीडबॅकने ८७ टक्के, विजेच्या उत्तेजनाने ४५ टक्के आणि मसाजने २२ टक्के जणांना पुरेसा आराम मिळाला. स्नायू दुखरा नव्हता त्यांना कशानेच विशेष फरक पडला नाही. म्हणून मी बोटाच्या तपासणीचा इतका आग्रह धरते.

घरी काय करू शकतो?

एक पंचा घट्ट गुंडाळा, पोळीच्या लाटण्याएवढा जाड. लाकडी खुर्चीवर तो लांबीने ठेवा आणि घोड्यावर बसल्यासारखं त्यावर बसा. दोन्ही तळपाय जमिनीवर. एक हात बरगड्यांवर. नाकाने हळू श्वास घ्या, छाती न उचलता बरगड्या आणि पोट फुगू द्या. श्वास आत जाताना खालचा भाग पंचावर किंचित पसरल्यासारखा, टेकल्यासारखा वाटेल. तेच सोडणं. श्वासपटल खाली येतं तेव्हा झोळीही खाली उतरते. श्वास सोडताना काहीही आवळायचं नाही, आपोआप वर जाईल तेवढं जाऊ द्यायचं. पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा. पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही असं बहुतेक जण सांगतात. पंचा टोचून दुखत असेल तर काढून टाका, आडवं पडून करा.

बालासन आणि पाठीवर झोपून पाय धरायचं आनंद बालासन चांगलं. झोपण्याआधी कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं कटिस्नान. आणि दिवसातून आठ-दहा वेळा, सिग्नलला थांबलात की, कुकरची शिट्टी झाली की, स्वतःला विचारा: आवळून धरलंय का?

शौचाच्या आणि लघवीच्या सवयी?

उकिडवं बसलं की गुदाशयाला पुढे ओढून धरणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. भारतीय संडास या बाबतीत उत्तम. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या. कुंथू नका, तोंडाने हळू फुंकर घाला. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, भरपूर पाण्यासोबत. मोबाइल बाहेर ठेवा.

लघवीला अधांतरी अर्धवट उभं राहून करू नका. त्यात मांड्या आणि झोळी दोन्ही ताणलेल्या राहतात. सीट पुसा आणि बसा. ‘निघायच्या आधी उगाच एकदा’ ही सवयही हळूहळू मोडायची.

गोळ्या आहेत का?

साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. अमिट्रिप्टिलिन रात्री कमी मात्रेत, बऱ्याचदा १० मिलिग्रॅमपासून, डॉक्टर सुरू करतात. ते इथे नैराश्यासाठी नसून नसांचा हुळहुळेपणा कमी करायला असतं. चिठ्ठीवरचं नाव इंटरनेटवर शोधून रागावू नका. तोंड कोरडं पडतं, झोप येते आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं, जे आपल्याला नकोय. काचबिंदू, हृदयाचे ठोके अनियमित असणं किंवा वाढलेलं प्रोस्टेट असेल तर आधी सांगा. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध मात्र सरसकट घेण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये ३०६ बायकांवर झालेल्या, २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर ते प्लासीबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा, सरस ठरलं नाही, त्रास मात्र जास्त झाला.

इंजेक्शन, बोटॉक्स?

ट्रिगर पॉइंटमध्ये बधिरतेच्या औषधाचं इंजेक्शन काहींना मदत करतं, मुख्यतः फिजिओला वाट मोकळी करून द्यायला. स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्सचा असर साधारण तीन महिने राहतो, खर्चिक आहे, काही काळ लघवी-शौचावरचा ताबा ढिला होऊ शकतो, आणि सलाइनच्या इंजेक्शनशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत त्याचं पारडं स्पष्टपणे जड दिसलेलं नाही. बाकी सगळं नीट करून झाल्यावर विचार करा, पहिल्या भेटीत नाही.

डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका, दुखणं जाईल.

पिशवीत काय सापडलं ते आधी विचारा. मोठ्या गाठी, आटोक्यात न येणारा रक्तस्राव, अशी कारणं असतात आणि तेव्हा शस्त्रक्रिया योग्यच. पण केवळ ‘खाली दुखतं, कंबर दुखते, अंगावरून जातं’ एवढ्यावर पिशवी काढू नये. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांचा हाच प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला होता. स्नायू दुखत असेल तर पिशवी गेल्यावरही तो तिथेच असतो. शस्त्रक्रिया होऊनही तसंच दुखतं म्हणून येणाऱ्या बायका मी दर महिन्याला पाहते, आणि त्यांना काय बोलावं हे मला अजून नीट सुचत नाही.

संबंध बंद ठेवावेत का?

दुखत असताना दात-ओठ खाऊन सहन करू नका. दर वेळी दुखलं की स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळून बसतो. काही आठवडे प्रवेश टाळा, जवळीक टाळू नका. नंतर जेल, लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर (योनीला हळूहळू सवय करणाऱ्या गुळगुळीत कांड्या), आणि वेग-थांबा तुमच्या हातात. नवऱ्याला एकदा तरी सोबत आणा. ‘ती टाळते’ असं वाटणारा माणूस पडद्यावरची रेघ वर गेलेली पाहतो तेव्हा खोलीतली हवा बदलते.

किती दिवसांत बरं वाटेल?

आठवड्यातून एकदा धरलं तर आठ ते बारा भेटी. पाच-सहा भेटींत अजिबात फरक नसेल तर आपण निदान पुन्हा तपासतो. नुसतं बसल्यावर वाढणारं, रात्री झोपेतून न उठवणारं, एका नसेच्या पट्ट्यात जळणारं दुखणं असेल तर पुडेंडल नसेचा, म्हणजे या भागाला संवेदना देणाऱ्या नसेचा, विचार करावा लागतो. उतार सरळ रेषेत येत नाही. पाळीच्या आधी, परीक्षेच्या दिवसांत, प्रवासानंतर पुन्हा उसळतं. आधी उसळी आठवडाभर राहायची, आता दीड दिवसात ओसरली, असं वहीत लिहून ठेवलं तरच लक्षात येतं.

स्कूटर चालवू का? कुठली उशी घेऊ?

स्कूटर चालवा, खड्डे दिसले की सीटवरून किंचित उठा. लांबच्या प्रवासात दर अर्ध्या-पाऊण तासाला उतरून दोन मिनिटं चाला. सायकल काही आठवडे बंद. उशी मधे भोक असलेली गोल नको. तिच्यात मधला भाग लोंबकळतो आणि काहींना त्यानेच ओढ लागते. मागच्या बाजूला खाच असलेली, यू आकाराची, घट्ट फोमची घ्या, म्हणजे माकडहाड अधांतरी राहतं आणि भार बैठकीच्या हाडांवर येतो. विकत घेण्याआधी घरातला टॉवेल दोन्ही मांड्यांखाली घडी करून ठेवून पाहा. त्याने बरं वाटलं तरच पैसे घाला.